डोंगरातला दुसरा बार

थोरल्या भावानं लढाईत किती माणसं मारली, हे लोक मला आजही विचारतात. धारूरच्या बाजारात विचारतात, पारावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत पत्रावळी मांडून होईपर्यंत विचारतात. विचारताना त्यांचे डोळे असे चमकतात की समोरची पत्रावळ उचलून यांच्या तोंडावर मारावी. आकडा मला माहीत नाही. त्यानं कधी सांगितला नाही, आणि सांगितला असता तरी मी या लोकांना दिला नसता. माझी मांडी कशी गेली, हे विचारा म्हणावं. ते कुणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आमचं घर शेरडामेंढरांचं. बालाघाटाच्या कडेला थोडी जमीन, त्यात दोघा भावांच्या सामाईकीतली विहीर. डोंगरात लांडगे फार, त्यामुळे गोफण आमच्याकडे चालायला लागल्यापासूनच हातात येते. पण थोरल्याची गोष्ट वेगळी होती. मेंढीच्या मानेला लांडगा लोंबकळत असताना तो दगड सोडायचा आणि दगड लांडग्यालाच लागायचा. आम्ही बाकीचे अशा वेळी नुसते बोंबलत धावायचो.

जर्मनच्या लढाईच्या वेळी नगरच्या छावणीत भरती चालू होती. नगर इंग्रजाचं, आम्ही निजामाचे, पण पाऊस दोन्हीकडे सारखाच दगा देऊन गेला होता. तो चालत नगरला गेला, शिपाई झाला, आणि तिथल्या कुण्या गोऱ्या साहेबाच्या लक्षात आलं की याच्या हातात काहीतरी आहे. त्याला बोटीत घालून तुर्कांशी लढायला बसऱ्याकडे नेलं आणि लपून बसणारा नेमबाज केलं.

परत आल्यावर गावानं त्याला डोक्यावर घेतलं. धारूरच्या किल्ल्यावर म्हणे पूर्वी एक बंदूकवाला होता, त्यानं बुरुजावरून खालच्या सरदाराच्या पगडीचा तुरा उडवला होता. ही गोष्ट सांगणारे आता थोरल्याला त्या बंदूकवाल्याचा अवतार म्हणायला लागले. मला त्या गोष्टीचा आधीपासूनच राग. तुरा उडाला म्हणजे नेम चुकला, एवढंही यांना कळत नव्हतं.

त्यानं स्वतः जे सांगितलं ते मला, विहिरीवर, बैल सोडून बसल्यावर. त्यात मर्दुमकी काही नव्हती. बंदुकीच्या तोंडापुढची माती पाणी शिंपडून ओली करायची, नाहीतर बार झाला की धुरळा उठतो आणि आपली जागा कळते. नळीला मळकी चिंधी गुंडाळायची, उन्हात चमकू नये म्हणून. ऊन तापलं की लांबचा माणूस पाण्यात उभा असल्यासारखा हलतो, तेव्हा घाई करायची नाही. वारा झाडावर बघायचा नाही, तिथं झाडंच नव्हती. वाळत घातलेल्या कपड्याच्या टोकावर बघायचा. आणि पडून राहायचं. मुंग्या अंगावर चढल्या तरी पडून राहायचं. "नेम मारायचं काम लई थोडं असतंय," तो म्हणायचा, "बाकीचं समदं पडून ऱ्हायचं."

त्यांच्या समोरच्या मोर्च्यात एक तुर्की नेमबाज होता. त्याची कीर्ती आमच्या बाजूच्या सगळ्या पलटणींत झालेली. कुणी पाहिला नव्हता, तरी सगळे त्याला 'म्हातारा' म्हणायचे. त्याचं विशेष असं की माणूस पडायचा, पण बार ऐकू यायचा नाही. शिपाई म्हणायला लागले, हे भुताचं काम.

"भूत कशाचं!" थोरला सांगायचा. "बार आयकू येत न्हाई म्हंजे तो कशाततरी लपलाय. मी दोन-चार दिस कान लावून बसलो. तवा कळलं, आमची तोफ बोलली की तोबी बोलायचा. त्यो आमच्या गोलंदाजाच्या हाताकडं बघत बसायचा. गोलंदाजानं दोरी वढली की ह्यानं चाप वढायचा. दुसऱ्याच्या आवाजात सोताचा आवाज घालायचा. मी त्ये त्याच्याकडूनच शिकलो."

"मग त्याचं पुढं काय झालं?"

"एक दिस दोरी वढली आन् तोफ पेटलीच न्हाई. त्याचा येकट्याचा बार झाला, आन् मला जागा गावली."

एवढं बोलून तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

हे कसब आमच्या देशमुखाच्या कानावर गेलं, तिथून सगळा घात झाला. आमच्या डोंगरात शिकारीची एक रीत होती. हैदराबादेहून कुणी बडा हाकीम, म्हणजे निजामाचा अंमलदार, आला की देशमुख त्याच्यासाठी बिबट्याचा हाका करायचा. घळीच्या तोंडाशी मचाण बांधायचं, त्यावर पाहुण्याला बसवायचं. गावातली माणसं वरच्या अंगानं हलग्या, डबे बडवत रान उठवत खाली आणायची. पाहुणे खाऊन-पिऊन सुस्त, त्यांचा नेम कुठला लागायला! म्हणून बाजूच्या कपारीत आपला एक माणूस बंदूक घेऊन लपलेला असायचा. पाहुण्यानं बार काढला की यानंही काढायचा. जनावर पडलं की हाक्याच्या माणसांनी एका सुरात ओरडायचं, "एकच बार! एकच बार!" मग पाहुणा मिशीला पीळ द्यायचा, आणि देशमुखाचं कचेरीतलं अडलेलं काम मार्गी लागायचं.

आता हे सगळ्यांना माहीत. हलगीवाल्याला माहीत, स्वयंपाक्याला माहीत, मला वाटतं बिबट्यालाही माहीत असावं. पण आधीचा कपारीतला माणूस धांदरट होता. त्याचा बार मागून यायचा, पाहुण्याचं तोंड पडायचं. देशमुखाला हवा होता दोन बारांचा एक बार करणारा. तो त्याला घरबसल्या मिळाला. त्यानं थोरल्याला बोलावून आपली बंदूक हातात दिली आणि सांगितलं, "मला आवाज एकच आला पाहिजे."

थोरल्यानं ते करून दाखवलं. पाहुणा चाप ओढायच्या आधी श्वास कोंडतो, खांदा किंचित वर येतो, तेवढं त्याला कपारीतून दिसलं की पुरे व्हायचं. वाळवंटात जीव वाचवायला शिकलेली विद्या इथं फुगलेल्या पोटांची हौस भागवायला लागली. मी म्हणायचो, "दादा, सोड हे." तो म्हणायचा, "माणसावर तर धरत न्हाई न्हवं आता. जनावरावर धरतोय. जाऊ दे."

ज्या हाक्यात माझी मांडी गेली, त्याच्या आधी आमचं भांडण झालं होतं. कारण विहीर. मोटेची पाळी त्याची होती आणि माझा भुईमूग वाळत होता, म्हणून मी माझे बैल जुंपले. तो बाजारातून येत होता, त्यानं पाहिलं, आणि चार माणसांत ओरडला, "पुन्यांदा माझ्या पाळीला मोट जुपलीस तर टिपून टाकीन!" मीही काहीबाही बोललो. आमच्याकडे भाऊ असेच भांडतात आणि संध्याकाळी एकाच चिलमीतून ओढतात. आम्हीही ओढली. पण चार माणसांनी भांडण ऐकलं होतं, चिलीम कुणी पाहिली नव्हती.

त्या दिवशी मी हाक्यात डबा बडवत होतो. घळीत एका दगडाला चुना फासलेला असायचा. तिथपर्यंत आलं की हाक्याच्या माणसांनी दोन्ही अंगांना चढून जायचं, मग पाहुण्यानं बार काढायचा, असा कायदा. आम्ही त्या दगडाच्या बरेच अलीकडे होतो. बिबट्या पुढं झुडपातून निघालेला मला दिसला, आणि हाकीमसाहेबांना धीर धरवला नाही. बार झाला. एकच झाला. बिबट्या जागेवर लोळला, आणि माझ्या मांडीत कुणी तापलेली पहार खुपसावी तसा मी खाली बसलो.

मी रक्तात बसलो होतो आणि माझ्या चहूकडून माणसं ओरडत होती, "एकच बार! एकच बार!" मी विव्हळलो, पण माझा आवाज त्या ओरडण्यात कुणाला ऐकू आला नाही. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुखणं विसरलो, हे नाही.

गोळी मांडीत समोरून शिरली आणि मागून निघून दगडांत गेली. आम्ही मचाणाकडे तोंड करून चाललो होतो. थोरल्याची कपार माझ्या उजव्या अंगाला होती. शेंबड्या पोरालाही कळेल की ही गोळी कुठून आली. थोरल्यानं धावत येऊन फेट्यानं मांडी बांधली, जखम पाहिली, एकदा मचाणाकडे पाहिलं, आणि काही बोलला नाही.

बोलला तो देशमुखाचा कारभारी. त्यानं बिबट्याचं कातडं उलटंपालटं करून सगळ्यांना दाखवलं. कातड्याला एकच भोक. मग म्हणाला, "हाकीमसाहेबांची गोळी तर ही इथं हाय. मग ह्येच्या मांडीत कुणाची?"

बघा आता! बिबट्या हाकीमसाहेबांनी मारला, हे आधीच ठरलेलं. भोक एक. म्हणजे दुसरी गोळी माझ्या भावाची. कापलेल्या कलिंगडासारखा स्वच्छ हिशेब. वर कारभाऱ्यानं आणखी सांगितलं की लढाईत हे लोक असंच करतात, दुसऱ्याच्या आवाजात आपला बार लपवतात, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि याचा नेम कधी चुकत नाही, हे तुम्हीच सांगता. मग चुकून कसा लागेल? आणि मोटेचं भांडण? ज्या गावानं त्याला डोक्यावर घेतलं होतं, ते गाव हे ऐकून माना डोलवायला लागलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला उठून उभंही राहता येत नव्हतं.

मी सांगितलं. जो येईल त्याला सांगितलं. गोळी समोरून आली, मी मचाणाकडे बघत होतो, मला नळीचं तोंड दिसलं. लोक माझ्या अंगावरची गोधडी सारखी करायचे आणि म्हणायचे, "भाऊ हाय, पांघरूण घालतोय." माझं खरं बोलणं हे माझं चांगुलपण ठरलं. यासारखा संताप दुसरा नाही. खोटं पाडलं असतं तर भांडलो असतो, पण हे मला थोर ठरवून गप्प करत होते.

सगळ्यात वाईट म्हणजे आमच्या मायनंही तेच धरलं. माय माझ्याकडे राहायची. थोरला मला बघायला आला, तर ती दारात आडवी उभी राहिली.

"कावून आलास? आजून जिता हाय का बघाया?"

"माय, मी न्हाई मारलं."

"मग कुणी? त्या सायबानं? इतक्या मोठ्या सायबाला माझं पोरगं दिसलं न्हाई व्हय?"

मी आतून ओरडलो, "माय, खरंच साहेबानं!" तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. थोरला गेला. तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. समोरासमोरची घरं, मधे एक बाभूळ. त्याची बायको ताक घेऊन यायची, माय ते शेरडांच्या भांड्यात ओतायची. थोरला अंगणात बसून हे बघायचा. तुर्काच्या समोर जो माणूस हलला नाही, तो ते ताक ओतताना पाहून उठून रानात जायचा.

देशमुखानं मेहरबानी केली. म्हणजे प्रकरण अमिनाकडे, पोलिसात, जाऊ दिलं नाही. थोरल्याला वाड्यावर बोलावून सांगितलं, "भावावर गोळी घातलीस, काळं पाणी बघितलं असतंस. मी झाकून ठेवलंय. आता बोलवीन तवा कपारीत यायचं." ज्या गोळीच्या पापाचा धनी त्याच्याच गादीवर बसून गेला होता, त्या गोळीचं दावं करून यानं माझ्या भावाला खुंट्याला बांधलं. मला हे कळलं तेव्हा मी नुसता हात चोळत बसलो.

मांडी भरून आली, पण पाय आखडला तो आखडलाच. आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तेच हाकीमसाहेब पुन्हा आले. त्यांच्या पहिल्या बिबट्याचं हैदराबादेत फार कौतुक झालं होतं म्हणे. देशमुखानं ते कातडं पेंढा भरून आपल्या बैठकीत मांडलं होतं आणि साहेबांना दुसरं हवं होतं. थोरल्याला निरोप आला.

हाक्याच्या आदल्या दिवशी तो मला विहिरीवर भेटला. मोटेची पाळी त्याची होती, पण त्यानं बैल माझे जुंपायला लावले.

"उद्या शेरडं समोरच्या माळावर घेऊन जा," तो म्हणाला. "घळीच्या समोर. मायला संगं ने."

"मायला कावून?"

"तिला कानानं चांगलं आयकू येतंय. बस्स."

मी खूप विचारलं. तो मोटेच्या नाड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्यो म्हातारा आठवतो का रं, मी सांगितलेला?" आणि हसला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मायला म्हटलं, माझा पाय दुखतो, शेरडं एकट्यानं आवरणार नाहीत. ती कुरकुरत आली. घळ आमच्या समोर होती. मचाण दिसत होतं, मचाणावरचा पांढरा रुमाल दिसत होता, कपार मात्र नुसती काळी. वरून हलग्या सुरू झाल्या. मायचा चेहरा आक्रसला. गेल्या साली ती घरी होती, तिनं हा आवाज ऐकला नव्हता. "आशाच वाजत होत्या का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

हलग्या खाली उतरत आल्या. बिबट्या आम्हाला दिसला नाही, पण घळीतला टिटवीचा ओरडा वाढला त्यावरून कळलं. हाक्याची माणसं या वेळी चुन्याच्या दगडाला पोचायच्या कितीतरी आधीच दोन्ही बाजूंना चढून गेली. माझ्या मांडीनं एवढं तरी त्यांना शिकवलं होतं.

बार झाला.

मचाणाखालच्या दगडांतून धूळ उडाली. हलग्या बंद पडल्या. आणि मग काही झालं नाही. कुणी ओरडलं नाही, कारण ओरडायला जनावर पडलंच नव्हतं. बिबट्या उघड्यावर आला, गांगरून उभा राहिला. आता तो सगळ्यांना दिसत होता. मचाणावरचा रुमाल हलत होता, साहेबांची दुसरी गोळी भरायची धांदल चालली असावी.  तोफ बोलून गेली होती आणि कपारीतला म्हातारा अजून गप्प होता. मला सगळं कळलं, आणि मी मनात म्हणालो, दादा, नको.

तेव्हा कपारीतून बार झाला. एकट्याचा. डोंगरानं तो दोनदा परत दिला. बिबट्या बसल्यासारखा खाली गेला.

माय उभी होती. तिनं मचाणाकडे पाहिलं, मग कपारीकडे. मग माझ्या मांडीकडे. "ह्यो त्याचा," ती कपारीकडे बोट करून म्हणाली. "आन् पयला सायबाचा."

"होय."

"पयला धोंड्यात गेला."

"होय माय. गेल्या साली माझ्यात."

समोर हाक्याची माणसं घळीच्या दोन्ही अंगांना गप्प उभी होती. मग कुणीतरी एकानं, तो कोण ते मला आजवर कळलं नाही, डबा एकदा बडवला आणि ओरडला, "दोन बार!" दुसऱ्यानं उचललं. मग सगळा डोंगर ओरडायला लागला, "दोन बार! दोन बार!" पिढ्यानपिढ्या "एकच" म्हणून घसा फोडलेली माणसं होती ती. गेल्या साली माझ्या रक्तावर उभी राहून तेच ओरडली होती. मला त्यांचा आनंद झाला नाही. मला वाटलं, एक वर्ष आधी ओरडला असता तर तुम्ही मेला असता का रे?

थोरला कपारीतून उतरला, बंदूक जमिनीवर ठेवली आणि तिथंच उकिडवा बसला. पळायचा त्याचा विचारच नव्हता. हाकीमसाहेबांच्या शिपायांनी त्याला बडवलं, दंडाला दोराच्या काढण्या लावल्या आणि धारूरच्या वाटेनं चालवलं. माझ्यावर गोळी घातल्याचं नाव आता कुणी काढलं नाही. कसं काढणार! देशमुखानं अमिनापुढं सांगितलं की बंदूक आपल्या घरून चोरीला गेली होती. ज्यानं स्वतःच्या हातानं दिली, त्यानं! थोरल्याला चोरीची, बिनपरवाना बंदूक बाळगली म्हणून तुरुंग झाला.

त्या दिवशी त्याला नेलं ती वाट आमच्या माळाखालून जात होती. माय शेरडं टाकून पळत खाली गेली. मला लंगडत पोचायला वेळ लागला. पोचलो तेव्हा ती शिपायांच्या मधे घुसली होती आणि तिनं आपल्या पदरातली भाकर, दुपारची आमची, मोडून त्याच्या तोंडाला लावली होती. त्याचे हात बांधलेले होते. शिपाई म्हणाला, "ए म्हातारे, हट." ती म्हणाली, "खाऊ दे. वरीस झालं, माझ्या हातचं खाल्लं न्हाई त्यानं." शिपाई थांबला. थोरला खात होता आणि रडत होता, आणि मी त्या देशमुखाला, त्या साहेबाला, त्या सबंध डोंगराला शिव्या घालत उभा होतो.

तो सुटून आला तेव्हा त्याच्या फुफ्फुसात तुरुंग भरला होता. दोन पावसाळे काढले त्यानं. माय गेली त्याच्या मागोमाग.

परवा देशमुखाच्या नातवाच्या लग्नाला जावं लागलं. बैठकीत तो पेंढा भरलेला बिबट्या अजून आहे, शेपटीचे केस झडलेत. नातू बीडच्या पाहुण्यांना सांगत होता, हाकीमसाहेबांचा नेम काय नेम, एका गोळीत लोळवला. पाहुणे वाकून ते एकुलतं एक भोक बघत होते.

मी उठलो, सगळ्यांच्या मधे जाऊन धोतर वर केलं आणि आखडलेली मांडी त्यांच्यापुढं धरली.

"ते भोक माझ्या भावाचं हाय," मी म्हणालो. "सायबाचं हिकडं बघा."

नातवानं पानाचं तबक माझ्याकडे सरकवलं. मी ते घेतलं नाही.